रिकाम्या घराची बेल

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते तुला कळलंच असेल. तेव्हा फाडायच्या आधी एवढं वाच, की इकडे कोणाला काही झालेलं नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे बाबा, मी आणि हवालदार. फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागदाचा खटाटोप. कागद निदान मधेच कट करता येत नाही.

माझं काम जोरात चाललंय. लोकांना वाटतं, एजंट म्हणजे किल्ली फिरवायची आणि "हवा बघा, उजेड बघा" म्हणायचं. आत काय दबा धरून बसलंय ते कोणाला ठाऊक? परवा एका नव्या जोडप्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवत होते. "आणि ही तुमची गॅलरी" असं म्हणत मोठ्या थाटात दार उघडलं, तर समोर शेळी. चांगली गुबगुबीत, रवंथ करत आमच्याकडे बघतेय. शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांनी कानांवर हात ठेवले. लिफ्टमधून आली म्हणावं तर लिफ्ट बंद. त्या जोडप्यातल्या मुलाने विचारलं, "भाड्यात धरलीय का?" घर काही त्यांनी घेतलं नाही.

त्याआधी एका स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये मांजर व्यायली होती. त्या बाईंनी एक पिल्लू पसंत केलं, घर नापसंत केलं. एका कपाटात हँगरच्या दांडीवर घुबड बसलं होतं. आणि एका न्हाणीघरात बेसिनखाली साप निघाला. गिऱ्हाईक म्हणजे सहा फुटी पैलवान गडी, पण माझ्याआधी कमोडवर तो चढला. मला जागा उरली नाही.

त्या दिवशी आमच्या ऑफिसातले किल्लीकाका मला खूप रागावले. हे आमच्यातले सगळ्यात जुने एजंट. त्यांच्या कमरेला इतक्या किल्ल्या असतात की ते येताना आधी आवाज येतो आणि मग ते येतात. म्हणाले, "पोरी, बंद घरात शिरताना आधी बेल वाजवावी. बेल नसेल तर कडी. आत जे असेल त्याला बाजूला व्हायला वेळ द्यावा. आपण त्याच्या घरात शिरतो, ते आपल्या नाही." तेव्हापासून मी रिकाम्या घराची बेल वाजवते आणि थोडं थांबते. गिऱ्हाईक हसतात. "मॅडम, आत कोण आहे?" मी म्हणते, "कोणी नाही, म्हणूनच." आता हाताला इतकी सवय झालीय की आमच्या घरी किल्ली हातात असतानाही मी आधी बेल दाबते.

बाबा बरे आहेत. थोडं विसरतात, वयच झालं. हवालदारही म्हातारा झाला. तू त्याला बुटांच्या खोक्यातून आणलंस तेव्हा बाबा काय म्हणाले होते आठवतं? या घरात एक तर हे जनावर राहील नाहीतर मी. आता दोघं एका चादरीवर दुपारची झोप काढतात आणि घोरतात कोण ते बघावं लागतं.

ता. क. घरमालकाला आपलं घर परत हवंय, महिनाअखेरीला सोडायचं आहे. तू काळजी करू नकोस. घरं शोधायचा तर माझा धंदाच आहे.

बुटकी


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. वहिनीने तरी पत्र वाचलं असेल असं धरून लिहिते.

दिवसभर मी लोकांना घरं दाखवते आणि संध्याकाळी स्वतःसाठी बघायला जाते. दारातून आत शिरताना माझी मान आपोआप खाली जाते. आजवर गिऱ्हाईकं अशी का उभी राहतात ते मला कळत नव्हतं. मालक विचारतात, "किती माणसं?" मी म्हणते दोन. "आणि?" हा "आणि" आम्ही एजंटांनीच शिकवलाय त्यांना. मी म्हणते, एक कुत्रा, पण म्हातारा आहे, काही करत नाही. की संपलं. एका ठिकाणी हवालदारचं नाव मी काढलंच नाही, तर मालक हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या कुत्र्याचं काय करणार?" एजंटांमध्ये गोष्टी लपत नाहीत. मी दुसऱ्यांच्या बाबतीत हेच करत आले.

आणि नुसता कुत्रा नाही रे. पहिल्या पत्रात मी "थोडं विसरतात" लिहिलं ते थोडं नाही. मागे एकदा शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि आईला हाका मारत राहिले, चहा कुठे राहिला म्हणून. आईला जाऊन किती वर्षं झाली. शेजारीण बिचारी घाबरून कपाटाआड उभी. तेव्हापासून आमच्या मालकाला घर परत हवंय. त्याचा मुलगा लग्न करतोय वगैरे त्याने मला सांगितलं, मीही मान डोलावली.

परवा एक घर जवळजवळ जमलं होतं. मालक म्हणाले, वडिलांना घेऊन या, त्यांनाही बघू द्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, हात मागे बांधून सगळीकडे फिरले आणि मालकालाच म्हणाले, "तुमची शिफ्ट कोणती? इथे काय करताय?" मला हसू आलं. खरंच आलं. घर गेलं.

त्यांच्या डोक्यात अजून तुझ्या सासऱ्यांचा कारखाना चालू आहे. अजून ते तिथले फोरमन आहेत. रोज उठून विचारतात, भोंगा झाला का? तुझ्या लग्नाला आले नाहीत ते मला बरोबर वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. पण तेव्हा ते काय म्हणाले ते तू पुरतं ऐकलंच नाहीस, दार आपटून निघून गेलास. ते म्हणाले, "मालकाच्या दारात मी व्याही म्हणून उभा राहू की फोरमन म्हणून? हात मिळवू की सलाम ठोकू? आयुष्यात कोणाच्या दारात हात कपाळाला लावून उभा राहिलो नाही." तू म्हणालास, मग आजपासून मला बाबा नाहीत. ते मात्र त्यांनी ऐकलं.

मी भांडण उकरायला लिहीत नाहीये. मागणं एवढंच आहे, हवालदारला घेऊन जा. तो तुझाच आहे. तुमच्याकडे बाग आहे म्हणे. तो कोपऱ्यात पडून राहील. कुत्रा नसेल तर बाबांसकट मला घर मिळेल. महिनाअखेर आली दादा.

बुटकी


१४ फेब्रुवारी

दादा,

परवाचं पत्र मिळालं असेल तर त्यातलं मागणं रद्द समज.

हवालदारला एक दिवस जनावरांच्या डॉक्टरकडे ठेवून बघितलं, बाबांचं काय होतं ते पाहावं म्हणून. त्यांनी त्याची वाटी धुतली, पाणी भरलं आणि दारात घेऊन बसले. जेवले नाहीत. मी विचारलं, बाबा, मी कोण? म्हणाले, "ते राहू दे. हवालदार कुठेय?" मी रिक्षा करून त्याला परत आणला.

एकाला नेऊ नकोस. दोघांना ने. नाहीतर कोणालाच नको. नाही, कोणालाच नको असं मी म्हणत नाहीये, ते खोडलं असं समज. दोघांना ने.


२४ फेब्रुवारी

दादा,

आम्ही हललो. छान बैठं घर आहे, पुढे फाटक, फाटकाशी एक लहानशी खोली, मागे आवार. बाबांना आवडलं. हवालदारने पहिल्याच दिवशी सगळ्या कोपऱ्यांवर शिक्कामोर्तब केलं. आम्ही घरात शिरलो तेव्हा न्हाणीघरात एक बेडूक होता. बाबांनी त्याला मगात घेऊन मागच्या आवारात सोडलं आणि त्याला म्हणाले, "जा, सुट्टी झाली." मी पोट धरून हसले.

सामान फारसं आणलं नाही. बरंचसं ऑफिसच्या मागे ठेवलंय. पडदे लावले नाहीत. दिवा मागच्या खोलीतच लावतो. बाबांना पढवलंय की बेल वाजली तरी दार उघडायचं नाही आणि हवालदारला गप्प करायचं. ते म्हणतात, "का? आपण चोर आहोत का?"

तू समजला असशीलच. घराच्या मालकीणबाई परदेशात असतात, किल्ली माझ्याकडे आहे, घर भाड्याने द्यायचं आहे. ते आपल्याला दिलेलं नाही.

किल्लीकाका दाखवायच्या घरात घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत. आमच्यात तशी रीतच आहे, दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्याकडे असते ती फक्त दुसऱ्याला आत घ्यायला. आणि मी त्या घरात बाबांना अंघोळ घालते, त्यांचे कपडे आतल्या आत वाळत घालते. किल्लीकाका समोर आले की मी फोन कानाला लावते.

हे थोडे दिवसच आहे. मला कोणीतरी घर देईलच. किंवा तू येशील. दोन्हींतलं काय आधी होईल ते मला सांगता येत नाही, पण फाटकाबाहेर गाडी थांबली की मी आधी तुझं नाव घेते आणि मग घाबरते.

बुटकी


२ मार्च

दादा,

हे पत्र पुरं वाच. आधीची वाचली नसशील तर हे तरी वाच.

काल एक बाई घर बघायला आल्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणार, बोलायला मोकळ्या. मी त्यांना त्याच रस्त्यावरचा एक फ्लॅट दाखवत होते. त्यांना खालचं घर हवं होतं. बोलता बोलता आमच्या, म्हणजे त्या बैठ्या घराच्या मालकीणबाईंची आणि त्यांची जुनी ओळख निघाली. त्यांनी तिथल्या तिथे परदेशी फोन लावला आणि माझ्यासमोर ठरलं. मालकीणबाई फोनवरून त्यांना म्हणाल्या, "आत्ताच बघून घ्या. किल्ली तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडेच आहे."

मी म्हटलं, घर साफ नाहीये. त्या म्हणाल्या, चालेल. मी म्हटलं, तिथे लाईट नाही. त्या म्हणाल्या, दिवस आहे की. चालत जाताना मी मनात ठरवलं, किल्ली कुलपात नुसती खडखडवायची आणि लागत नाही म्हणायचं. जमलंही असतं. हजार वेळा किल्ल्या लागत नाहीत आमच्या.

दारापाशी आलो. मी पर्समधून किल्ली काढली आणि बेल दाबली.

मी दाबली नाही रे, हाताने दाबली. रिकाम्या घराची बेल वाजवायची आणि थांबायचं. आतून हवालदार भुंकला. बाई म्हणाल्या, "कोणी आहे का आत?" आणि दार उघडलं. बाबांना मी सांगितलं होतं उघडायचं नाही, पण ते काय लक्षात राहणार? इस्त्रीचा शर्ट, पायाशी हवालदार. म्हणाले, "कोण पाहिजे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

"माझे वडील" हे दोनच शब्द होते दादा. तोंडात आले होते. ते बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, किल्ली गेली असती, कदाचित पोलीस आले असते, आणि संध्याकाळी मी या दोघांना घेऊन फूटपाथवर उभी असते. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि मी म्हणाले, "हे वॉचमन. घर बंद असतं ना, म्हणून ठेवलेत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी टाचा जुळवल्या, हात कपाळाला लावला आणि बाजूला होऊन म्हणाले, "या मॅडम."

आयुष्यात ज्याने तुझ्या सासऱ्यांना कधी सलाम केला नाही, त्याने मला केला.

बाई आत फिरल्या. बाबा हवालदारचा पट्टा धरून मागे मागे, प्रत्येक खोलीत आम्हाला खिडकी उघडून देत. मागच्या खोलीत त्यांची चादर होती, उशाशी औषधं, चष्मा. बाई म्हणाल्या, "हे इथे आत झोपतात?" आणि मी, दादा, मी त्यांच्यासमोर बाबांवर ओरडले. "काका, तुम्हाला फाटकाच्या खोलीत झोपायला सांगितलं होतं ना? किती वेळा सांगायचं?"

"चुकलं मॅडम," बाबा म्हणाले. खाली वाकून चादर गोळा करायला लागले. त्यांच्याने वाकवत नाही. मी मदत केली नाही, कारण एजंट वॉचमनची चादर उचलत नाही.

मला आज जेवण गेलेलं नाही. तू माझ्यावर थुंकलास तरी मी तोंड पुसून तुझ्यासमोर उभी राहीन. पण ये.


१३ मार्च

दादा,

मार्ग निघाला. तुला आनंद वाटत असेल तर वाटू दे.

बाईंनी घर घेतलं. त्यांची अट एकच होती, वॉचमन आणि कुत्रा इथेच राहिले पाहिजेत. एकटी बाई, घराला फाटक, आणि म्हणे, "ते काका किती अदबीचे आहेत." मालकीणबाई विचारत होत्या की आपण वॉचमन कधी ठेवला. मी सांगितलं, माझ्या ओळखीतले आहेत, गरजू आहेत. खोटं त्यात काहीच नाही बघ.

तेव्हा बाबांना घर मिळालं. फाटकाशी खोली, खाट, एक खिडकी, हवालदारला पायरी. जनावरासकट कोणी जागा देत नव्हतं, ती या दोघांना जनावरामुळे मिळाली. फक्त ते माझे वडील नसले म्हणजे झालं. मी ऑफिसच्या मागच्या खोलीत सामानावर पडते. बाईंना वाटतं, मी फार चांगली एजंट आहे, घर दिल्यावरही रोज चौकशीला येते.

रोज येते आणि फाटकाशी उभी राहते. बाबा उठतात, हात कपाळाला. "या मॅडम." मी डबा देते तो ते दोन्ही हातांनी घेतात. काल मला सांगत होते, "मॅडम, माझी मुलगीही तुमच्यासारखीच घरं दाखवते. फार हुशार. उंचीने मार खाल्ला, बाकी कशात नाही. ती येणार आहे मला न्यायला." मी विचारलं, "आणि मुलगा?" म्हणाले, "तोही येईल. मोठ्या घरात पडलाय, त्याला वेळ होत नाही." वाईट बोलले नाहीत तुझ्याबद्दल. इतक्या वर्षांत एकदाही बोलले नाहीत, हे तुला आधीच कळवायला हवं होतं.

मला राहवलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाबा, मीच ती. बुटकी." त्यांनी घराच्या खिडकीकडे बघितलं. मग हात सोडवून घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बाई आत आहेत. ऐकतील."

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. ते खरंच विसरलेत की नाही? की सगळं विसरताना त्यांनी एवढंच लक्षात ठेवलंय, मुलीने एक खोटं सांगितलंय आणि ते आपल्याला सांभाळायचं आहे? मला विचारता येत नाही. विचारायला त्यांना बाबा म्हणावं लागतं, आणि मी बाबा म्हटलं की ते खिडकीकडे बघतात. मी हे जितकं तोडायला जाईन तितके ते जास्त सलाम करतील. माझ्या हातून हे सुटणार नाही.

तुझ्या बंगल्याच्या फाटकावरही वॉचमन असेल. तू आत जाताना तो उठत असेल. आज जाताना त्याच्याकडे एकदा बघ.

मग इकडे ये. पत्ता पाकिटावर लिहिलाय. हवालदार भुंकेल. तो तुला ओळखेल की नाही सांगता येत नाही, खोक्यात होता तेव्हाचा तुझा वास त्याला किती पुरणार. बाबा खाटेवरून उठतील, टाचा जुळवतील, हात कपाळाला नेतील आणि विचारतील, "कोण पाहिजे?" माझं नाव घेऊ नकोस. त्यांचा हात कपाळावरून खाली घे आणि सांग, मी माझ्या बाबांकडे आलोय.

असं म्हटलंस की त्यांची ही जागा जाईल, माझी नोकरीही जाईल. जाऊ दे. पण मग त्यांना तिथून घरी न्यावं लागेल, दोघांना, हे ठरवूनच ये. नुसतं बघायला येऊ नकोस. बघून जाणारे मी खूप पाहिलेत.

आणि सांगशील ते मोठ्याने सांग दादा. आत बाई ऐकतील इतक्या मोठ्याने.

बुटकी